पायाला कळणारं इंजिन

गाडी घ्यायची म्हटली की लोक रंग बघतात, सीट बघतात, मागे किती सामान मावतं ते बघतात. आमच्या घरात भांडण लागलं ते इंजिनावरून. आणि भांडण म्हणजे काही लुटुपुटूचं नाही, चांगलं ताटावरून उठून जाण्याइतकं. एका बाजूला माझा भाऊ, दुसऱ्या बाजूला बाबा आणि मधे मी. गाडी माझ्या नावावर होणार होती, पण मला कोणी विचारेल तर शपथ.

आमचं घर खारबावला. मी राहनाळला एका गोडाऊनमध्ये डिस्पॅच बघते. दिवसभर ड्रायव्हरांशी हिंदीत भांडायचं आणि घरी येऊन मराठीत भांडायचं, असा माझा दिनक्रम. मला सकाळी सोडायला आणि शिफ्ट सुटली की न्यायला बाबा यायचा. आमच्या घरात बापाला अहो-जाहो नाही, तूच म्हणतात. माझ्या गोडाऊनमधल्या बायकांना ते खटकतं. खटकू दे.

बाबाने उभा जन्म टेम्पो चालवला. नारपोलीच्या लूमच्या कारखान्यांतून कापडाचे तागे भरायचे आणि पोचवायचे, हेच काम. वय झालं तसा टेम्पो विकला आणि बाबा ओट्यावर बसला तो बसलाच. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. आई तर घाबरून गेली होती. म्हणायची, माणूस असा गप झाला की मला धडकीच भरते. मग मला राहनाळचं काम लागलं, एक जुनी व्हॅन घेतली आणि बाबा मला सोडायला लागला. पहिल्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तयार! आई म्हणाली, "कुठं निघालास नटून?" तर म्हणाला, "ड्युटी हाय." त्या दिवसापासून बाबा परत बोलायला, भांडायला, शिव्या द्यायला लागला. मला गाडी चालवता येते, त्यानेच शिकवलीय. पण त्याची ड्युटी मी कशाला काढून घेऊ?

तर त्या व्हॅनने या वर्षी मान टाकली. नवी गाडी घेणं भाग होतं. म्हणजे माझ्यासाठी गाडी, आणि खरं सांगायचं तर बाबासाठी ड्युटी.

भाऊ ठाण्याला नोकरीला आहे आणि मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून त्याला वाटतं आपण इंजिनिअर झालो. त्याने दोन गाड्या काढल्या होत्या. एकीत हजार सीसीचं छोटं टर्बो इंजिन, दुसरीत पंधराशेचं मोठं, साधं. त्याचा जीव टर्बोवर. जेवताना तो बाबाला समजावत होता, की धूर बाहेर जाताना त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून इंजिन लहान असून ताकद मोठी.

"म्हणजे कुकर," मी म्हटलं. "आणि मोठं इंजिन म्हणजे टोप."

"बरोब्बर!" भाऊ खूश.

बाबाने भाकरीचा तुकडा मोडला. "मंग शिट्टी व्हईपर्यंत रस्त्यात थांबायचा का?"

आईला ठसका लागला इतकी ती हसली. भावाचा चेहरा पडला, कारण ते खरंच होतं. टर्बोचं तेच दुखणं, पाय दाबला की ते लगेच उठत नाही, पंखा फिरेपर्यंत क्षणभर थांबतं. हायवेला काही वाटत नाही. पण आमच्या रस्त्यांवर खड्ड्यातून वर यायचं, दोन कंटेनरच्या मधल्या फटीत घुसायचं, तर क्षणभर म्हणजे पुष्कळ झालं. भाऊ म्हणाला, सवय होते. बाबा म्हणाला, पायाला इंजान कलला पायजे, बाकी तुझा पंखा तुझ्याकडं ठेव. भाऊ उठून गेला. ताटात मासळी तशीच.

आता हे पायाचं सांगते. बाबा गाडी अनवाणी चालवतो. त्याच्या वेळचे टेम्पोवाले पुष्कळ जण तसेच. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात चपला घालून चढायचं नाही. आणि दुसरं कारण बाबाचं स्वतःचं. तळव्याला इंजिनाची थरथर कळते, ती चपलेतून कळत नाही. लहानपणी आम्ही केबिनमध्ये बसलेलो असायचो आणि बाबा एकदम म्हणायचा, "गप रे, बोलतोय तो." आम्ही गप्प. मग तो टेम्पो बाजूला घ्यायचा, खाली उतरायचा आणि काहीतरी सैल झालेलं आवळून परत यायचा. मलाही त्याने तसंच शिकवलं. पाय उघडा ठेव, जोर देऊ नको, नुसता टेकव आणि ऐक.

रविवारी आम्ही तिघं बायपासजवळच्या शोरूमला गेलो. तिथे नेमकी एका कुटुंबाची गाडी निघत होती. हार, पेढे, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि पुढ्यात फोडलेला नारळ. पाण्यात कालवलेलं कुंकू फरशीवर सांडलेलं. बाबाने शोरूमच्या पायरीपाशीच चपला काढल्या. सेल्समन म्हणाला, "अंकल, चप्पल चालेगा." बाबा म्हणाला, "तुम्हारेको चालेगा, गाडीको नाय चालेगा." आणि तसाच, त्या कुंकवा-नारळातूनच, अंगणातल्या गाड्यांकडे चालत गेला.

आधी टर्बो. बाबा चालवायला, सेल्समन त्याच्या बाजूला, आम्ही बहीणभाऊ मागे. बाबाने स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि निघाला. सर्व्हिस रोडला गाडी मुंगीच्या पावलाने. पुढे एक ट्रेलर हळूहळू सरकत होता. बाबाने पाय दाबला, काही नाही. अजून दाबला, काही नाही. आणि मग एकदम ती गाडी अशी उसळली की माझं डोकं मागे आपटलं! सेल्समन ओरडला, "ब्रेक! अंकल, ब्रेक!" करकचून थांबली तेव्हा ट्रेलरचा मागचा लोखंडी बार आमच्या काचेपुढे एवढ्यावर होता की त्यावरचा गंज मला दिसत होता.   मागून एक रिक्षावाला ओरडून गेला, "ओ चाचा, सो रहे हो क्या?"

बाबा घामाने भिजला होता. स्टेअरिंग गच्च धरून म्हणाला, "हा इंजान मुका हाय."

"बघ!" मी भावावर उखडले. "बघ तुझा कुकर! आत्ता सगळे मेलो असतो."

 भाऊ म्हणाला, "टर्बो लॅग आहे तो. पण इतका नसतो गं."

परत आलो. दुसरी गाडी काढली, मोठ्या इंजिनाची. मला वाटलं, आता बाबाचा चेहरा फुलणार. त्याने आम्हाला गप्प राहायला सांगितलं, अगदी टेम्पोतल्यासारखं. गाडी चालू केली. आणि पाय ठेवल्याबरोबर ते इंजिन असं किंचाळलं की गेटवरचा वॉचमन वळून बघायला लागला. गाडी धक्का खाऊन पुढे गेली. बाबाने क्लच दाबला, पण अॅक्सिलरेटरवरचा पाय उचललाच नाही. इंजिन बोंबलतंय आणि बाबा समोर बघत कपाळाला आठ्या घालून बसलाय.

"बाबा! पाय काढ!" मी ओरडले.

त्याने वाकून स्वतःच्या पायाकडे बघितलं. बघून मग तो काढला.

"हा पन मुकाच हाय," तो म्हणाला.

भाऊ हसला. "अरे बाबा, याच्यात टर्बो नाहीच आहे! हे तुझंच, साधं, मोठं इंजिन. एवढं ओरडलं, ऐकू नाही आलं?"

"आवाज आला रे. पायाला काय कलला न्हाय."

  सेल्समनने तिथेच गाडी फिरवली, स्वतः चालवत आत घेतली आणि आम्हाला चहा घ्यायला बोलावलं. बिचारा आम्हाला कसं घालवावं या विचारात असणार. बाबा पुढे, आम्ही मागे. शोरूमची फरशी पांढरीशुभ्र, आरशासारखी. त्यावर बाबाच्या मागोमाग लाल पावलं उमटत होती. एक पाऊल लाल, एक कोरं. एक लाल, एक कोरं.

मी इतकी चिडले! "बाबा, डोळे कुठं ठेवलेस? लोकांच्या पूजेचं कुंकू तुडवलंस आणि सगळ्या लादीवर घेऊन फिरतोस! थांब तिथेच."

बाबा ओशाळला. खांबाला हात धरून त्याने उजवा पाय उचलला आणि फरशीवर आणखी एक मोठा थेंब पडला. कुंकू असं ठिबकत नाही.

तळव्यात करवंटीचा तुकडा रुतला होता. आत, अंगठ्याच्या मागच्या मांसल भागात, नुसती कड बाहेर दिसत होती.  मी, जिचं तोंड घरात कोणी बंद करू शकत नाही, ती मी तिथे आ वासून उभी. हा माणूस अंगणात चालत गेला. एक गाडी चालवली, ब्रेक मारला तो याच पायाने. उतरला, दुसरी गाडी चालवली. आणि आता इथवर चालत आला. साधं "आई गं" म्हणाला नाही.

"बाबा, दुखतंय ना?"

"काय?"

"अरे, काय म्हणून काय विचारतोस! तो तुकडा!"

त्याने खुर्चीवर बसून पाय मांडीवर घेतला. टायरमधला खिळा काढतात तसा तो तुकडा चिमटीत धरून ओढला, उजेडात धरून बघितला. मग रक्त आलं त्या जागेवर अंगठा दाबला. परत दाबला. मग माझ्याकडे बघितलं. बाबाला मी रागावलेला, दमलेला बघितलाय. घाबरलेला पहिल्यांदा बघत होते.

"मना कललाच न्हाय," तो म्हणाला.

सेल्समनने कापूस आणला. भावाने रिक्षा आणली.  जाताना मी त्या दोन्ही गाड्यांत डोकावले. काळ्या मॅटवर काही दिसत नव्हतं, पण बोट फिरवलं तर दोन्हीकडे ओलं लागलं.

डॉक्टर आमचे जुने. बाबाला साखर आहे हे आम्हाला माहीत होतं, गोळ्या चालू होत्या. गोळ्या चालू आहेत म्हणजे झालं, असंच आम्ही धरून चाललो होतो. त्यांनी पाय धुऊन पट्टी केली आणि मग बाबाला झोपायला लावून डोळे मिटायला सांगितले. दोन टोकांचा एक लोखंडी काटा त्यांनी हातावर आपटला. तो बारीक गुणगुणायला लागला. त्याचा दांडा त्यांनी बाबाच्या कोपराच्या हाडाला लावला.

"कळतंय?"

"कलतंय."

"कसं वाटतं?"

डोळे मिटलेल्या बाबाच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं. "टेम्पो न्यूट्रलला उभा हाय असा."

डॉक्टरांनी काटा पुन्हा आपटला आणि दांडा पायाच्या अंगठ्यावर टेकवला. काटा गुणगुणत होता. मला तो ऐकू येत होता.

बाबा वाट बघत होता. डोळे मिटूनच म्हणाला, "लावा की."

"लावलाय," डॉक्टर म्हणाले.

भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी तिथल्या स्टुलावर बसले. बाबाने डोळे उघडून अंगठ्यावरचा तो काटा बघितला आणि बघतच राहिला. डॉक्टरांनी समजावलं, की साखरेने पायाच्या नसा मरतात, हळूहळू मरतात, कळत नाही. पाय हलतो, उठतो, पण किती दाबला, कुठे टेकला, हे त्याला उमगत नाही. पुष्कळ दिवसांपासून असणार. मग दोन गोष्टी अगदी ठणकावून सांगितल्या. अनवाणी पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा. आणि गाडी चालवायची नाही.

मला राग आला. कोणाचा ते विचारू नका. डॉक्टरांचा, नारळाचा, साखरेचा, बाबाचा, सगळ्यांचा. रोज मी याच माणसाच्या शेजारी बसून अंजूरफाट्याच्या त्या कंटेनरांच्या गर्दीतून जात होते, मोबाइल बघत, निवांत! तो पाय न कळता दाबत होता आणि मी म्हणत होते, बाबा, जरा हळू. नशीब बलवत्तर, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला आणि ओट्यावर जाऊन बसला. पायात भावाने आणलेले बूट. मी रिक्षाने गेले, रिक्षाने आले. तो तिथेच होता. आईने विचारलं तर म्हणाला, बरा हाय. त्यापुढे नाही. चार-आठ दिवस असेच गेले. भाऊ फोनवर म्हणाला, गाडीचं राहू दे सध्या. आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "परत तसाच झाला गं." ते ऐकलं आणि माझं डोकं सणकलं.

रविवारी मी ओट्यावर गेले. "उठ."

"कुठं?"

"शोरूमला. इंजिन अजून ठरलेलं नाही."

"आता मना काय करायचाय?"

"गाडी मी चालवणार. पण इंजिन मला कळत नाही, तुला कळतं. उठतोस का मी उचलू?"

उठला. शोरूममध्ये तोच सेल्समन होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा असा झाला की एरवी मी हसले असते. मी गाडी चालवणार म्हटल्यावर त्याच्या जिवात जीव आला. मी चपला काढल्या, खाली नीट बघत, एकेक पाऊल निरखून गाडीपर्यंत गेले. बाबा डावीकडच्या दारापाशी अडला. नव्या गाडीत बूट घालून चढायचं कसं, हा त्याच्यापुढचा प्रश्न. डॉक्टरांचं ऐकावं तर लक्ष्मीचा अपमान, आणि लक्ष्मीचं ऐकावं तर मी त्याला उभा कापला असता. शेवटी तो सीटवर आडवा बसला, पाय बाहेर ठेवून बूट काढले, मोज्यांचे पाय आत घेतले आणि बूट मांडीवर धरून बसला. सेल्समन गुपचूप मागे बसला.

आधी टर्बो. पाय टेकवला, जोर दिला नाही.

"काय बोलतोय?" बाबाने विचारलं.

"थांब. काही नाही. अजून काही नाही. आता बघ, एकदम ढकललं!"

बाबा सीटवर सरळ झाला. "म्हंजी तो मुकाच व्हता ना?"

"मुकाच आहे. आधी गप्प, मग एकदम बोंबलतो."

"बग! मी सांगितला व्हता!" किती दिवसांनी त्याचा आवाज असा चढला. मागे वळून त्याने सेल्समनलाही सुनावलं, "पंखा तुम्हारा लेट हाय." मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. मग कळलं, आता दुसरी गाडी आहे.

मोठ्या इंजिनाच्या गाडीत बसले. चालू केली. तळवा टेकवला मात्र, आणि ते इंजिन माझ्या पायात आलं. बारीक, एकसारखी थरथर, टाचेपासून घोट्यापर्यंत. जरा दाबलं की ती दाट होत होती, सोडलं की पातळ. बाबाने लहानपणी शिकवलं होतं तसं, शब्द न् शब्द ऐकू यावा तसं.

"हा काय बोलतोय?"

मी गाडी सर्व्हिस रोडला आणली. हा मुका आहे म्हणाले असते तर बाबा मान हलवून म्हणाला असता, मी सांगितला व्हता. सगळा दोष गाड्यांचा झाला असता. माझ्या ओठांवर ते आलंही होतं. पण तळव्याखाली ते इंजिन बोलतच होतं, आणि बाबासमोर इंजिनाबद्दल खोटं बोलायला माझी जीभ रेटेना.

"सांग ना गं," बाबा म्हणाला. बुटांवरची त्याची बोटं घट्ट झाली होती. "बोलतोय का?"

"बोलतोय, बाबा."

"सगला?"

"सगळं."

बाबा समोरच्या ट्रेलरकडे बघत राहिला. मोज्यातला त्याचा उजवा पाय खालच्या मॅटवर टेकलेला होता. त्याने तो जरा दाबून बघितला, आणि मग उचलून बाजूला घेतला.

"मंग हाच घे," तो म्हणाला.